जंगल कुठे संपतं, वाळवंट कुठे सुरू होतं? काल्पनिक नकाशातल्या टेक्स्चरबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

कादंबरीसाठी, गेमसाठी किंवा घरच्या डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, भूमिका घेऊन खेळायचा खेळ) ग्रुपसाठी नकाशा करून घेणारे बरेचजण आधी स्वतः थोडं काम करून मगच आमच्याकडे फाइल पाठवतात, आणि आम्हाला ते मनापासून आवडतं कारण त्या जगाची माहिती तुमच्याइतकी कुणालाच नसते. अडतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. डोंगर छान, नद्या छान, नावं तर फारच छान, पण जंगल जिथे वाळवंटाला भिडतं तिथे ठिगळ लावल्यासारखं दिसतं, मग त्या कडेवर ब्लर मारला जातो आणि ते आणखी बिघडतं.

ब्लरने बिघडतं कारण दोन्ही टेक्स्चर (झाडांचा, वाळूचा पोत दाखवणारी चित्रं) अर्धी पारदर्शक होऊन एकमेकांवर चढतात, झाडांमधून वाळू दिसते, वाळूतून झाडं दिसतात आणि तेवढाच पट्टा आउट ऑफ फोकस वाटतो. खरं जंगल असं धुरकट होत संपत नाही, ते तुटत तुटत संपतं. आधी विरळ होतं, मग पुंजके उरतात, मग इकडे तिकडे एखादं झाड. नकाशातही कड तुटायला हवी.

त्यासाठी लेयर मास्क (थराचा कुठला भाग दिसायचा ते ठरवणारा पडदा) वापरा, इरेजर नको, इरेजरने पुसलेलं परत येत नाही. वरच्या लेयरवर जंगल, खालच्या लेयरवर वाळू, जंगलाच्या लेयरला मास्क. मास्कमध्ये पांढरं म्हणजे दिसणार, काळं म्हणजे लपणार. आता कड असेल तिथे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत रुंद मऊ ग्रेडियंट द्या, त्याच मास्कवर ढगांसारखा नॉइज, म्हणजे अनियमित डागांचा पोत, मिसळा (फोटोशॉप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये क्लाउड्स, तशाच गिंपमध्ये पर्लिन नॉइज किंवा सॉलिड नॉइज, हा नॉइज संगणकशास्त्रज्ञ केन पर्लिन यांनी १९८५ साली मांडला आणि भूप्रदेश तयार करणाऱ्या कितीतरी प्रोग्रॅममध्ये आजही तो किंवा त्याची भावंडं वापरतात) आणि मग मास्कवर लेव्हल्स (उजेड-अंधार कमीजास्त करायची सोय) उघडून काळ्या-पांढऱ्याचे दोन्ही स्लायडर आत ओढा. जसजसे आत याल तसतशी ती मऊ कड फाटत जाते, बेटं तयार होतात, खाचा पडतात. पूर्ण आत ओढू नका, थोडा करडा भाग राहू द्या नाहीतर कड कात्रीने कापल्यासारखी कडक होते. शेवटी विखुरणाऱ्या ब्रशने हाताने थोडं काळं-पांढरं मारा कारण नॉइजला तुमची नदी कुठे आहे ते माहीत नसतं, नदीच्या काठाने जंगल थोडं पुढे सरकलेलं असणार, उघड्या उतारावर मागे हटलेलं असणार, आणि हे फक्त तुम्हीच ठरवू शकता.

खडक आणि गवत किंवा खडक आणि बर्फ असेल तर आणखी एक पद्धत वापरून बघा, आम्ही ती जवळजवळ प्रत्येक नकाशात वापरतो. गवत आणि माती आधी खडकाच्या भेगांत साचते, उंच भाग उघडाच राहतो. टेक्स्चरमध्ये भेगा गडद आणि उंचवटे फिके असतात, त्यामुळे खालच्या थराच्या उजेड-अंधारावरूनच वरचा थर कुठे दिसायचा ते ठरवता येतं. फोटोशॉपमध्ये त्यासाठी ब्लेंड इफ आहे, त्यात खालच्या लेयरचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढला की त्रिकोणाचे दोन तुकडे होतात आणि बदल हळूहळू होतो. गिंपमध्ये खडकाची करड्या रंगातली कॉपी उलटी करून गवताच्या मास्कमध्ये पेस्ट करा आणि लेव्हल्सने जुळवा.

पण मास्क कितीही चांगला केला तरी दोनच टेक्स्चरवर भागत नाही, मध्ये तिसरं लागतं. सातारा जिल्ह्याचंच बघा ना. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात जेमतेम ५०० मिमीच्या आसपास. ढग डोंगरावर चढताना पाणी टाकतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. म्हणून माथ्यावर सदाहरित रान, खाली पानगळीचं, मग काटेरी झुडपं, मग माळरान. तुमच्या जगातही वारा कुठून येतो ते एकदा ठरवलं की डोंगराची कुठली बाजू हिरवी, कुठली पिवळी ते आपोआप सुटतं आणि मधले पट्टे कुठले हवेत तेही कळतं. जंगल आणि वाळवंट यांच्यात झुडपांचा नाहीतर सुक्या गवताचा पट्टा टाका, त्याचा रंग दोन्हीकडचा थोडा थोडा घेऊन ठरवा, बघा केवढा फरक पडतो.

आणि प्रत्येक कड रुंद हवी असंही नाही. इजिप्तमध्ये नाईलच्या काठाला पाणी पोचतं तिथपर्यंत शेत आणि पुढच्याच पावलाला वाळू, ती कड धारदारच काढायची. डोंगराचा तुटलेला कडा, ओढे, समुद्रकिनारा इथेही तसंच, फक्त किनाऱ्याला उथळ पाण्याचा एक फिका पट्टा दिला की पुरे.

आता टेक्स्चरच्या मापाबद्दल. नकाशात १ सेंटीमीटर म्हणजे ५० किलोमीटर असेल आणि गवताचा जवळून काढलेला फोटो तुम्ही टाइल केला (फरशीसारखा शेजारी शेजारी मांडला) असेल, तर कागदावर २ मिमी लांब दिसणारं पातं त्या जगात १० किलोमीटरचं झालं. वाचणारा असा हिशोब करत नाही पण त्याला सगळा प्रदेश टेबलावरच्या खेळण्याएवढा वाटतो. लांबच्या नकाशात फक्त रंग आणि बारीक पोत दिसायला हवा, सुटं पान किंवा दगड ओळखू येता कामा नये. उलट एका खोलीचा किंवा गुहेचा बॅटलमॅप (खेळातल्या लढाईचा जवळचा नकाशा) असेल तर तेच टेक्स्चर अगदी योग्य.

टाइलची शिवण दिसत असेल तर ऑफसेट फिल्टरने चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवा, शिवण मध्यभागी येते, ती क्लोन किंवा हील ब्रशने बुजवा. क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये डब्ल्यू दाबलं की रॅप अराउंड मोड चालू होतो आणि चारी बाजू जोडलेल्या ठेवून रंगवता येतं. शिवण गेल्यावरसुद्धा एखादा काळा दगड ओळीने परत परत दिसतो, तो आधीच काढून टाका, आणि वर मोठ्या मापाचा नॉइज सॉफ्ट लाइट या ब्लेंड मोडमध्ये साधारण १५-२० टक्के ओपॅसिटीने ठेवा.

उजेड सगळीकडे वरून डावीकडून येऊ द्या. एदुआर्द इमहोफसारख्या स्विस नकाशाकारांनीही हीच दिशा पाळली, कारण खालून उजेड दिला की डोंगर दरीसारखा दिसायला लागतो. म्हणूनच डोंगराचा स्टँप (शिक्क्यासारखं तयार चित्र) फिरवू नका किंवा आडवा उलटवू नका, त्याची सावलीही फिरते.

प्रिंट हवी असेल तर सुरुवातीपासूनच कागदाच्या मापात काम करा, ३०० डीपीआयला ए३ म्हणजे ३,५०८ बाय ४,९६१ पिक्सेल आणि ए२ म्हणजे ४,९६१ बाय ७,०१६. लहान फाइल नंतर मोठी केली की पोत विरघळतो आणि तो आम्हालाही परत आणता येत नाही. स्क्रीनवरचा चमकदार हिरवा आणि निळा छपाईत मळकट होतो, गडद जंगल तर काळंच होतं, म्हणून जंगल थोडं उजळ ठेवा आणि मोठ्या प्रिंटच्या आधी आमच्याकडून एक छोटा तुकडा छापून घ्या.

फाइल पीएसडी (फोटोशॉपची) किंवा एक्ससीएफ (गिंपची) पाठवा, लेयर न जोडता, मास्क अप्लाय न करता. जेपेग आलं तर कडांवर आम्हाला फारसं काही करता येत नाही. टेक्स्चर कुठून घेतलं तेही लिहा, पॉली हेवन आणि अँबियंटसीजी या साइटवरचं सगळं सीसीझीरो (हक्क सोडून दिलेलं) आहे, छापून विकायलाही चालतं, पण कुठल्यातरी गेममधून उचललेलं टेक्स्चर आम्ही छापत नाही. आणि वाऱ्याची दिशा, उजेडाची दिशा आणि १ सेंटीमीटरला किती किलोमीटर, एवढ्या तीन गोष्टी मेलमध्ये असल्या तर काम त्याच दिवशी हातात घेता येतं.