‘तमस’चे पहिले भाग आणि मुंबईतली स्थगिती

जानेवारी १९८८मध्ये दूरदर्शनवर ‘तमस’ ही भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंगलींची मालिका सुरू झाली आणि मोजके भाग होतात न होतात तोच मुंबई उच्च न्यायालयातून तिच्या प्रक्षेपणाला स्थगिती मिळाली. सुरुवातीचे भाग आज पुन्हा पाहिले, तर तेव्हा लोक का बिथरले असतील याचा अंदाज येतो. पहिलंच दृश्य अंगावर येतं. कोंदट खोली, दिव्याचा मिणमिणता उजेड, चामडं कमावणारा, घामाघूम झालेला नत्थू आणि काही केल्या मरत नसलेलं डुक्कर. काम कशासाठी आहे, हे त्याला ठाऊक नाही. जनावरांच्या डॉक्टरला हवंय, एवढंच ठेकेदाराने सांगितलेलं. सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं. पुढे एका पोरसवदा मुलाचं मन घट्ट व्हावं म्हणून त्याच्याकडून कोंबडी मारवून घेतात. एवढ्यावर थांबलेल्या प्रेक्षकाला मालिका आग लावतेय असं वाटणं शक्य होतं. आक्षेपही एकाच बाजूचे नव्हते. आपल्यालाच दंगलखोर दाखवलंय, असं दोन्हीकडचे म्हणत होते. दिग्दर्शक गोविंद निहलानींना तर मुंबईत पोलीस संरक्षणात राहावं लागलं.

खरा वाद स्थगितीचा. पुढच्या भागांत काय आहे ते न पाहता मालिका थांबवायची का? त्याच उच्च न्यायालयाच्या खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींनी सरळ मार्ग धरला: आधी सगळी मालिका बसून पाहिली, मग स्थगिती उठवली. एकेक प्रसंग सुटा काढून तोलायचा नाही, पूर्ण कलाकृतीचा परिणाम पाहायचा, हा त्यांच्या निर्णयाचा गाभा. आज हे सहज वाटतं. पण तेव्हा देशभर घरोघरी दूरदर्शनच लागायचं, आदल्या वर्षीची मेरठची दंगल ताजी होती आणि रविवारी सकाळी ‘रामायण’साठी रस्ते ओस पडत. अशा वेळी ‘तूर्तास थांबवा’ म्हणणं सोपं होतं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १६ फेब्रुवारी १९८८च्या निकालात चित्रपट-मालिकांनी भावना इतर कलांपेक्षा जास्त ढवळतात, हे मान्य झालं; तरीही बंदी नाकारली गेली. त्यासाठी आधार घेतला तो नागपूरच्या जुन्या उच्च न्यायालयाच्या, १९४०च्या दशकातल्या एका निकालाचा: परिणाम तोलायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या नजरेने, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या नव्हे. हा निकष पुढे अनेक खटल्यांत वकिलांनी पुन्हा पुन्हा पुढे केला. माझ्या मते मालिकेइतकंच मोल या निकालांना आहे, आणि त्यांची आठवण मात्र फारच कमी निघते.

मालिकेचं मूळ मुंबईपासून फार लांब नाही. १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून भिवंडीत दंगल उसळली. तिथली जळालेली घरं पाहून आलेल्या कादंबरीकाराला आपलं रावळपिंडी आठवलं आणि त्यातून कादंबरी झाली. तिला १९७५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकाचा जन्म कराचीचा. फाळणीत तेही कुटुंब इकडे आलं. कादंबरीकाराने मालिकेत म्हाताऱ्या हरनामसिंगची भूमिकाही केली. घर सोडून बायकोसोबत रात्रभर चालणारा हा माणूस पहिल्या भागांत नाही, नंतर येतो. स्थगिती टिकली असती तर तो कुणाला दिसलाच नसता.

प्रक्षेपणानंतर पाच वर्षांच्या आतच, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये, खुद्द मुंबई पेटली. त्याच सुमारास केबल आली आणि दूरदर्शनची मक्तेदारी मोडली. ‘तमस’ पुन्हा लागली ती २०१३मध्ये, एका खासगी वाहिनीवर. १९८८सारखं वादळ तेव्हा उठलं नाही. आता मालिकांचे सगळे भाग बहुधा एकदम येतात, तक्रार मात्र अजूनही पहिल्या भागातल्या एखाद्या मिनिटाच्या तुकड्यावरून होते आणि तो तुकडा मोबाइलवर फिरतो. पुढचे भाग तक्रारदाराने पाहिलेत का, हे कुणी विचारत नाही.