कवळी रात्री पाण्यात का ठेवायची?

वरची कवळी काढून आरशात पाहिलं, तर कित्येक आजी-आजोबांच्या टाळूवर कवळीच्याच मापाचा लालभडक डाग दिसतो. कवळीची कड संपते तिथेच लालीही संपते. बहुतेकांना दुखत नाही, भाकरी-शेवभाजी नेहमीसारखी चालू असते, म्हणून कुणी दाखवायला जात नाही. यामागे बऱ्याचदा कँडिडा ही बुरशी असते.

ती बाहेरून आलेली नसते. धडधाकट माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या तोंडात ती मुकाट्याने राहते. लाळ तिला धुऊन नेते, शिवाय लाळेत हिस्टाटिनसारखी बुरशीला मारणारी प्रथिनं असतात. पण वरची कवळी टाळूला इतकी घट्ट बसते की तिच्याखाली लाळ फारशी पोचत नाही. त्यात कवळीचं अ‍ॅक्रिलिक दिसायला गुळगुळीत असलं तरी त्याला बारीक छिद्रं असतात. तिथे बुरशी जिवाणूंच्या सोबतीने चिवट थर धरते. नुसती चूळ भरून तो निघत नाही. पुढे तिच्या गोल पेशींना लांब तंतू फुटतात. या तंतूंतून पाझरणारं, आपल्या पेशींना इजा करणारं कँडिडालायसिन हे विष 2016 मध्ये उजेडात आलं.

दात गेले पण कवळी नाही, अशांच्या तोंडात ही बुरशी साधारणपणे कमी सापडते. मात्र तोंड कोरडं पडलं की त्यांचीही सुटका नाही. बीपीच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या लाळ कमी करतात, मधुमेह त्यात भर घालतो. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 अंशांपुढे जातो, तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या पोटात पाणी किती जातं, हे घरच्यांनीच बघायला हवं.

रात्री कवळी काढायचीच. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 जणांवर झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. कवळी मऊ ब्रश आणि साबणाने घासावी. टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यांत बुरशी बसते. मग कवळी साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ती वाकडी होते. टाळू आणि जीभही ओल्या फडक्याने पुसावी.

लाली दिसली तर डॉक्टरांकडे जाताना कवळी सोबत न्या. औषध फक्त टाळूला लावलं आणि कवळी तशीच राहिली, तर बुरशी तिथूनच परत येते.