रात्रीच्या सॅटेलाइट फोटोत जे पांढरं दिसतं ते नक्की काय?

रात्री अकराचा सॅटेलाइट फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकतं, खाली लिहितं "बघा केवढे ढग". अहो पण रात्री अकराला उजेड कुठंय? तो मुळात फोटोच नसतो, तापमानाचा नकाशा असतो, जे थंड ते पांढरं रंगवायचं एवढीच युक्ती. (त्यातच एखादी सरळ रेघ दिसली की "कुणीतरी हवामान-शस्त्र वापरतंय" म्हणणारे जागे होतात, पण बहुतेक वेळा ती वेगवेगळ्या तुकड्यांचा डेटा जोडल्याची शिवण असते.)

उंच ढगांचे माथे उणे ५०-६० अंशांवर असतात त्यामुळे ते झकास दिसतात. गोची होते ती धुक्याची आणि खालच्या ढगांची, त्यांचं तापमान जवळपास जमिनीइतकंच, मग ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडमध्ये (म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, ज्यांवरून हा नकाशा बनतो) ते जमिनीत मिसळून जातात. म्हणजे हिवाळ्यातल्या रात्री खाली दाट धुकं आणि नकाशावर आकाश निरभ्र!

यावरचा उपाय मला फार आवडतो. तीच जागा ३.९ मायक्रॉनलाही बघायची. पाण्याचे बारीक थेंब ११ ला जवळपास पूर्ण ताकदीनं उष्णता सोडतात, पण ३.९ ला जरा हात आखडता घेतात, म्हणून तोच ढग ३.९ ला काही अंशांनी जास्त थंड "वाटतो". साध्या जमिनीत असा फरक फारसा पडत नाही. दोन आकड्यांची वजाबाकी केली की लपलेलं धुकं बाहेर! दिवसा मात्र हे चालत नाही कारण ३.९ मध्ये सूर्याचा परावर्तित प्रकाशही घुसतो.

तरी वरच्या ढगाखाली दुसरा थर असेल तर अशा सॅटेलाइटला तो दिसत नाही, तिथे जमिनीवरचा निरीक्षक लागतोच. तो आकाशाचे ८ भाग कल्पून किती झाकलेत ते लिहितो, यातल्या एका भागाला ऑक्टा म्हणतात. १९८३ पासून जगभरच्या सॅटेलाइटचा ढगांचा डेटा एकत्र करतायत, त्यावरून कुठल्याही क्षणी पृथ्वीचा साधारण दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो असं निघतं. कुठल्या ऋतूत कुठे किती ढग असतात याचा नकाशा करताना या डेटाला जमिनीवरच्या नोंदींशी ताडून बघतात.

पण निरीक्षकही काही देव नाही. क्षितिजाजवळच्या ढगांच्या बाजू दिसतात म्हणून तो ढग जास्त मोजतो, आणि अमावस्येला पातळ ढग त्याला दिसतच नाहीत, त्यामुळे जुन्या नोंदींत रात्रीचं आकाश उगाच मोकळं निघायचं. शेवटी संशोधकांनी पुरेसं चांदणं असलेल्या रात्रींच्याच नोंदी धरायला सुरुवात केली.