फिराई देख: लाकडी कोड्यांची पेटी घेणाऱ्या पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

नमस्कार. आमची कार्यशाळा चाळीसगावची. मूळ काम फर्निचरचं. उरलेल्या सागाच्या तुकड्यांची कोडी करायला लागलो ते नंतर. पेटी उघडण्याआधी हे वाचा, कारण ती कशी वापरता यावरच तिचा उपयोग ठरतो.

आधी आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. एका घरी 7 फूट उंच आणि 2 फूट खोल कपाट करून दिलं. खोलीत माळा होता, त्याच्याखाली उंची 7 फूट 3 इंच. तीन इंच मोकळे राहतात, म्हणजे बसेल, असं धरून चाललो. कपाट आडवं करून आत नेलं, उभं करायला लागलो आणि वरचा कोपरा माळ्याला अडकला. उभं होताना कपाटाला नुसती स्वतःची उंची पुरत नाही, कर्णाएवढी जागा लागते. तो कर्ण भरत होता 7 फूट सव्वातीन इंचांहून जास्त. आमचे म्हातारे मिस्त्री दारात उभे होते. टेपला हात न लावता म्हणाले, खालची बैठक काढा. चार इंचांची बैठक सोडवली, कपाट उभं राहिलं, मग उचलून बैठक खाली सरकवली. त्यांनी ते कपाट डोक्यात आधीच उभं करून पाहिलं होतं. शिकाऊ पोराला त्यांचं अहिराणीत एकच सांगणं असतं: "फिराई देख." म्हणजे फिरवून बघ.

पुस्तकात याला अवकाशीय आकलन म्हणतात. वस्तू समोर नसताना ती मनात वळवणं, उलगडणं, दुसऱ्या बाजूने पाहणं. 1971 साली रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून विचारलं, दोन्ही एकच आहेत की एक दुसरीची आरशातली? आकृती जितक्या जास्त अंशांनी फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त लागला. म्हणजे मनातलं फिरवणंही हाताने फिरवण्यासारखंच टप्प्याटप्प्याने होतं.

"आमच्या पोरीला आकृत्या जमतच नाहीत," असं दुकानात येऊन सांगणारे पालक खूप भेटतात. कृपा करून हे तिच्यासमोर बोलू नका. सरावावरच्या 217 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 साली प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की ही क्षमता सरावाने वाढते आणि वाढलेली काही काळ टिकते. पेटी घेतली की गणिताचे मार्क वाढतील, असं मात्र आम्ही सांगणार नाही. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या आरशातल्या प्रतिमा, घडी घातलेला कागद, घनाच्या बाजू हे प्रश्न ओळखीचे वाटतील, एवढं नक्की. रावेर-सावद्याकडे केळीचा ट्रक भरताना बघा. कोणता घड कुठे टेकवायचा, पाला कुठे दाबायचा, हे भरणारा माणूस पाहता पाहता ठरवतो. त्याच्याकडे हीच विद्या आहे.

पेटीत तीन कोडी आहेत.

पहिलं टॅनग्राम, सात सपाट तुकडे जोडून आकृत्या करायचं कोडं. मूल अडलं तर बहुतेक वेळा समांतरभुज चौकोनापाशी अडतं. बाकीचे सहा तुकडे नुसते फिरवून बसतात, हा एकटा कधीकधी उलथवावा लागतो.

दुसरा सोमा घन, डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी शोधलेला. सात तुकडे, मिळून 27 छोटे घन, त्यांचा एक मोठा घन करायचा. तो 240 वेगवेगळ्या प्रकारे जमतो, त्यामुळे तुमचं उत्तर आणि मुलाचं उत्तर सारखं येईल असं नाही.

तिसरं आमचं सगळ्यात आवडतं: चार काटकोन त्रिकोण आणि एक छोटा चौरस. त्रिकोणाच्या बाजू 6, 8 आणि 10 सेंटिमीटर, चौरसाची बाजू 2. हे पाच तुकडे जोडून 10 सेंटिमीटर बाजूचा चौरस करा. मग तेच तुकडे असे मांडा, की 6 चा आणि 8 चा चौरस एकमेकाला चिकटून तयार होतील. पायथागोरसचा सिद्धांत झाला, तोही पेन हातात न घेता. ही मांडणी भास्कराचार्यांच्या बीजगणितात आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणचा, पाटणादेवीला जाणाऱ्यांच्या वाटेवरचा. आमचं कपाट अडलं ते कर्णाच्या याच हिशेबावर, म्हणून हे तुकडे कापताना गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं अवजार, दोनदा लावतो.

मुलाजवळ बसा, पण हात मागे ठेवा. उत्तर दाखवू नका, "हा वळवला तर काय होईल?" एवढं विचारा. आधी हातात फिरवू द्या, मग तुकडा झाकून "आता मनात फिरव" म्हणा. कंटाळलं तर पेटी बंद करा, उद्या पुन्हा उघडा. "वर, खाली, डावीकडे, कोपऱ्यात, तिरपा" हे शब्द घरात मुद्दाम वापरा. "तिकडे ठेव" म्हणण्याऐवजी "फडताळाच्या खालच्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्यात" म्हणा. पेटी नसतानाही साबणाचं खोकं उलगडून सपाट करा आणि पुन्हा घडवा. पुठ्ठ्याचा घन वेगवेगळ्या कडांवर कापून सपाट केला तर 11 आकार मिळतात. सगळे 11 शोधायला मोठ्यांनाही संध्याकाळ पुरत नाही.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊ नका. तुकडे ओले करू नका, कोरड्या फडक्याने पुसा. एखादा हरवला तर नवा कापून देऊ, पैसे घेणार नाही. फक्त हरवलेल्या तुकड्याचं चित्र मुलाने स्वतः, मापं लिहून, कागदावर काढून आणावं.