सैनिकाच्या पगाराचं कोण बोलणार?

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी जेवण नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्या खलाशांच्या मानाने तुटपुंजा पगार आणि केंद्राचे प्रमुख कमांडर किंग यांच्या शिव्या, या सगळ्याचा कडेलोट झाला होता. बंड बघता बघता इतर जहाजांवर आणि कराचीपर्यंत पसरलं. मागण्यांमध्ये आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती, तसाच ब्रिटिश नौदलाइतका पगारही होता. सेवेतून सोडताना अंगावरचे कपडे परत मागू नका, इतकी साधी मागणीसुद्धा होती. मुंबईचे कामगार खलाशांच्या बाजूने रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेच्या वर माणसं गेली. हे बंड स्वातंत्र्यलढ्यातलं पान म्हणून आपण वाचतो, ते योग्यच आहे. पण पगाराचा आणि ताटातल्या अन्नाचा भाग त्यातून गाळला जातो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला. लष्कर कायदा, १९५० च्या कलम २१ खाली कामगार संघटनेत जाणं, सभा घेणं, वृत्तपत्रांशी बोलणं यांवर बंधनं आली. तक्रार करता येते, पण वरिष्ठांकडे, तीही ज्याची त्याने. हातात शस्त्र असलेल्याने संप करू नये, हे मलाही पटतं. पण मग त्याच्या वतीने बोलायची सोय सरकारनेच करायला हवी. जर्मनीत सैनिकांना संपाचा हक्क नाही, तरी १९५६ पासून त्यांची संघटना आहे आणि ती पगार, घरं, निवृत्तिवेतन यांवर उघडपणे बोलते.

आपल्याकडे हे काम वेतन आयोगावर सोपवलं. १९७३ च्या तिसऱ्या आयोगाने लष्कराला पहिल्यांदा नागरी कर्मचाऱ्यांच्या चौकटीत आणलं. जवानाचं निवृत्तिवेतन पगाराच्या ७० टक्क्यांवरून ५० वर आलं, असं माजी सैनिक सांगतात; त्यांची ही जुनी सल तिथलीच. साठीपर्यंत नोकरी करणाऱ्या कारकुनाला आणि चाळिशीच्या आतबाहेर घरी पाठवलेल्या शिपायाला एकच फूटपट्टी कशी चालेल? जवानाची मुलं तेव्हा शाळेत असतात.

‘वन रँक वन पेन्शन’चा, म्हणजे निवृत्ती कधीही झाली असो, समान हुद्दा आणि समान सेवेला समान निवृत्तिवेतन मिळावं यासाठीचा लढा यातूनच उभा राहिला. सेवेतल्यांना बोलता येत नाही, म्हणून निवृत्त बोलले. २००९ मध्ये त्यांनी पदकं परत केली, जून २०१५ पासून जंतरमंतरवर ठाण मांडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने घोषणा केली, पण दर वर्षीऐवजी दर पाच वर्षांनी फेरआढाव्याची तरतूद ठेवली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली.

सेवेतल्यांचं म्हणणं मांडायला उरतात ते दलप्रमुख. सातव्या आयोगातल्या तफावतींवरून सप्टेंबर २०१६ मध्ये तिन्ही दलप्रमुखांनी नवं वेतन लागू करणं काही काळ थांबवून ठेवलं होतं. हे पाऊल त्यांना उचलावं लागलं, कारण सहाव्या आणि सातव्या, दोन्ही आयोगांत लष्करातला एकही सदस्य नव्हता. २०२५ मध्ये न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा आयोग नेमला गेला आहे. त्यातही नाही.