रानफुलांची परसबाग

परसात, अंगणात किंवा गॅलरीतल्या कुंड्यांत आपल्याच भागातली रानटी फुलझाडे लावून, किंवा आपोआप उगवलेली न उपटता राखून, फुलपाखरे, मधमाश्या, भुंगे व पक्षी यांना जागा करून देण्याची पद्धत. महाराष्ट्रात तिला बहुधा ‘फुलपाखरू बाग’ म्हणतात. ठाण्याला घोडबंदर रस्त्यालगत ओवळा इथली ओवळेकर वाडी हे तिचे प्रसिद्ध उदाहरण.

अशा बागेत फुलांपेक्षा पाने महत्त्वाची. मध प्यायला फुलपाखरू कितीतरी फुलांवर बसते, पण अंडी घालताना मादी फार चोखंदळ असते. प्लेन टायगर हे फुलपाखरू रुईवर अंडी घालते. रुईच्या चिकातले विष अळीच्या आणि पुढे फुलपाखराच्या अंगात उतरते, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. ग्रास यलो टाकळ्यावर, कॉमन रोझ सापसंदावर, तर २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते.

कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला; कुंडीतल्या कढीपत्त्यावर मॉर्मन फुलपाखरांची वाढ हातभर अंतरावरून बघता येते. लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मोठी होते तशी ती हिरवीगार होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर दुशिंगी अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. ती पाने फस्त करते हे खरे, पण कढीपत्त्याला पुन्हा पालवी फुटते. फवारणी केली तर फुलपाखरू येणारच नाही. कुरतडलेली पाने बघवत नसतील त्याने ही बाग करू नये.

खुळखुळा या रानझाडाची गंमत निराळी. त्याच्या वाळत चाललेल्या फांद्यांवर टायगर गटातल्या फुलपाखरांचे नर गोळा होतात. तिथून शोषलेल्या द्रव्यापासून ते माद्यांना आकर्षित करणारा गंध तयार करतात. त्यामुळे वाळकी झाडे लगेच उपटू नयेत.

घाणेरीवर फुलपाखरे झुंबड करतात, तरीही ती लावू नये. अमेरिकेतून आलेल्या या झुडपाने इथली राने व्यापली आहेत. रानफुले हवीत म्हणून कासच्या पठारावरून रोपे उपटून आणणेही चूक. तिथल्या कातळावरच्या पातळ मातीत वाढणारी झाडे कुंडीत जगणे कठीण, आणि पठाराचे नुकसान होते ते वेगळेच.

सुरुवातीला कुर्डू, टाकळा, गोकर्ण आणि तेरडा पुरेसे आहेत. कुर्डू आणि टाकळ्याची कोवळी भाजीही होते. तेरडा गौरीच्या सुमारास ऐन फुलात असतो. त्याची बोंडे फुगली की बी धरायला त्यांवर पातळ कापडाची पिशवी बांधतात, कारण पिकलेले बोंड बोट लागताच फुटते आणि बी चहूकडे उडते. उडालेले बी शोधत बसू नये. पुढच्या पावसात ते आपल्या जागी उगवते.