ओकचे जेवणाचे टेबल (ठाणे परिसर)

ओकच्या भरीव फळ्या हाताने सांधून केलेले मोठे टेबल. क्वेर्कस प्रजातीतले हे झाड सह्याद्रीत उगवत नाही. भारतात ते हिमालयाच्या पट्ट्यात आढळते, आणि फर्निचरसाठीचे ओक प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतून आयात होते. ठाणे जिल्ह्यातल्या सुतारांचे घरचे लाकूड म्हणजे शहापूर-मुरबाडच्या जंगलांतही वाढणारा साग. मराठी घरांत पंगत पाटावर बसे, त्यामुळे जुनी जेवणाची टेबले इथे मुळातच थोडी. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी कोरीव फर्निचर मोठ्या प्रमाणावर बनत असे. त्यामुळे आज जुने म्हणून विकले जाणारे टेबल खरोखर ओकचे आहे का, हे आधी पारखावे.

टॉपवरच्या रेषा फळीच्या कापलेल्या टोकावरही उतरलेल्या दिसल्या तर लाकूड भरीव. त्या काठावरच थांबल्या तर वर व्हेनियर, म्हणजे चिकटवलेला लाकडाचा पातळ थर आहे. केंद्रातून काठाकडे चिरलेल्या ओकवर रुपेरी, चकाकते पट्टे दिसतात. सागावर ते नसतात. सागाचा स्पर्श तेलकट असतो. टॉपच्या खालच्या बाजूला हात फिरवल्यास रंध्याचे उथळ, खोलगट माग लागतात. कारागिराच्या हाताची याहून चांगली खूण नाही.

ठाणे-नवी मुंबईत या टेबलाची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. लाकूड हवेतली ओल घेते आणि रुंदीत फुगते. लांबीत जवळजवळ नाही. ओकची ही हालचाल सागापेक्षा बरीच जास्त. अमेरिकेतले ओक भट्टीत वाळवून ६ ते ८ टक्के ओलीवर आणलेले असते. ९० सेंटीमीटर रुंदीच्या टॉपने आणखी ७ टक्के ओल शोषली, तर तो एक ते दोन सेंटीमीटर रुंदावू शकतो. असा टॉप खालच्या फ्रेमला चहूबाजूंनी चिकटवला किंवा स्क्रूने घट्ट आवळला, तर फुगताना तो वाकतो आणि हिवाळ्यात आकसताना उभा तडकतो. लोक मग लाकडाला दोष देतात; दोष बांधणीचा असतो. पारंपरिक सुतार टॉप फ्रेमच्या खाचेत सरकणाऱ्या लाकडी गुटक्यांवर बसवतो, त्यामुळे टॉपला सरकायला जागा राहते.

पाय आणि फ्रेमच्या पट्ट्या मात्र हलता कामा नयेत. तिथे खाच-कूस सांधा येतो. पटाशीने पायात खाच पाडतात, पट्टीच्या टोकाला कूस काढतात. कुशीतले भोक खाचेतल्या भोकापेक्षा किंचित कुशीच्या मुळाकडे, म्हणजे पट्टीच्या बाजूला पाडले, की लाकडी खुंटी ठोकताच सांधा आपोआप ओढला जातो. इथे लोखंडी खिळा वापरू नये. ओकमधल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन निळे-काळे डाग पडतात. पितळी स्क्रू चालतो. जुन्या टेबलांत सरस वापरलेला असतो. तो उष्णतेने व ओलीने सुटतो, म्हणून सैल सांधा न तोडता उकलून पुन्हा जोडता येतो. फेव्हिकॉलने चिकटवलेल्या सांध्यात ही सोय राहत नाही.

लाखेच्या पॉलिशवर गरम पातेले ठेवल्यास पांढरी वलये उठतात. जेवणाच्या टेबलाला जवसाच्या तेलाचा हात अधिक सोयीचा, कारण डाग पडलेली जागा तेवढीच घासून पुन्हा तेल लावता येते. हळदीचा डाग तरी ताजा असतानाच पुसावा. एसीच्या थेट झोतात किंवा खिडकीतून पाऊस येतो अशा जागी टेबल ठेवू नये. वाळवी सागाला सहसा सोडते, ओकच्या बाहेरच्या फिकट रसकाष्ठाला मात्र भुंगे पोखरतात. टॉपखाली पिठासारखा भुसा दिसला तर लगेच इलाज करावा.